ड्रॉप घेऊन बी.एस्सी. की लगेच जीएनएम? बारावीनंतरच्या नर्सिंगचा हिशेब

चार अधिक एक पाच, आणि तीन अधिक दोनही पाचच. महाराष्ट्रात बारावीनंतर नर्सिंगला जाणाऱ्या बहुतेक घरांत होणारा वाद या दोन बेरजांमधला असतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गुण कमी पडले आणि एक वर्ष ड्रॉप घेतला तर पाच. दुसरीकडे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी), म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्यावर डिप्लोमानंतरची पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं, म्हणजे तेही पाच. हातात पदवी दोन्हीकडे येते. म्हणून ‘डिग्री मोठी की डिप्लोमा’ हा वाद घालण्यापेक्षा मधली पाच वर्षं कशी जातील ते पाहावं: नर्स म्हणून नोंदणी कधी हातात पडते, फी कोण भरतं आणि मध्ये कुठे अडकायला होतं.

| मार्ग | काळ | बारावीत काय लागतं | परीक्षा कोण घेतं |
|---|---|---|---|
| बी.एस्सी. नर्सिंग | ४ वर्षं, ८ सत्रं | भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४५% (एससी-एसटी ४०%), इंग्रजी उत्तीर्ण | आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक (किंवा अभिमत विद्यापीठ) |
| जीएनएम | ३ वर्षं, त्यात ६ महिने इंटर्नशिप | कोणतीही शाखा, एकूण ४०% आणि इंग्रजीत ४०% | महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ |
| एएनएम (आरोग्य सेविकेचं शिक्षण) | २ वर्षं | कला किंवा विज्ञान | तेच मंडळ |
| सैन्याचं बी.एस्सी. नर्सिंग | ४ वर्षं, पुढे सेवेचं बंधपत्र | पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) आणि इंग्रजी, ५०%, पहिल्याच प्रयत्नात | निवड नीटच्या गुणांवरून |

वयाची एक अट बी.एस्सी., जीएनएम आणि एएनएम तिन्हींना आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांचा बी.एस्सी.चा रस्ता बंद असतो, जीएनएमचा नाही. पीसीबीत ४५ टक्के भरले नसतील तर बारावीच्या परीक्षा मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. पण तिचा अर्ज वेळेत भरावा लागतो आणि निकाल लागेपर्यंत प्रवेश फेऱ्या कुठवर आल्या असतील तेही बघावं लागतं.

सीईटी: गुण कुठे जातात

राज्य सीईटी कक्षाच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीत १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता, प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं परवडत नाही.

नीटची तयारी केलेली मुलं इथे हमखास फसतात. नीटमध्ये निम्मा पेपर जीवशास्त्राचा असतो, इथे ते पाचवा हिस्सा. इंग्रजी आणि अभियोग्यता मिळून ४० गुण आहेत आणि त्यांचा अभ्यास ‘शेवटच्या आठवड्यात बघू’ म्हणून राहतो. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. आधी इंग्रजी आणि अभियोग्यता उरकली तर भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला प्रश्नामागे दीड मिनिट काढता येतं. उलट क्रमाने गेलं की शेवटी वाचायचाही वेळ उरत नाही.

ड्रॉप घ्यायचा का, हे ठरवायला क्लासवाल्याला विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. एक सराव पेपर घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेले प्रश्न दोन ढिगांत काढा: धडा वाचलाच नव्हता म्हणून चुकलेले आणि वाचूनही चुकलेले. पहिला ढीग मोठा असेल तर वर्षभरात गुण वाढतात. दुसरा मोठा असेल, त्यातही इंग्रजीचे प्रश्न जास्त असतील, तर वर्ष जातं आणि गुण तिथेच राहतात. आधीच एक वर्ष नीटसाठी दिलेल्यांनी नर्सिंगसाठी आणखी एक देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

वॉर्डात फरक दिसतो का?

सलाईनची पाचशे मिलिलिटरची बाटली सकाळी दहाला लावली, दोनला संपायला हवी. सेट वीस थेंबांना एक मिलिलिटरचा. ५०० गुणिले २० म्हणजे दहा हजार थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळाकडे बघत पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतायत का ते मोजायचं आणि रोलर त्याप्रमाणे बसवायचा. जीएनएमची मुलगी हेच करते, बी.एस्सी.ची मुलगीही हेच करते. दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका म्हणून होते. राज्य शासनाच्या अधिपरिचारिका पदाला दोघी अर्ज करू शकतात.

फरक पडतो तो दोन-तीन ठिकाणी. एम.एस्सी. नर्सिंगला पदवी हवी, त्यात ५५ टक्के हवेत आणि एक वर्षाचा अनुभव. नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर पदवीशिवाय पुढचं पाऊल नाही. तिसरी जागा एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची, म्हणजे नॉरसेट. मूळ वेतन ४४,९०० रुपये असल्याने तिच्याकडे सगळ्यांचे डोळे असतात. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालेल्याला अनुभवाची अट नाही. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

तीन अधिक दोन इथेही पाचच येतात. पण त्या ५० खाटांच्या अटीत माणसं पडतात. घराजवळच्या तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षं काढायची आणि अर्ज भरताना कळायचं की यातला एक दिवसही धरला जात नाही. जीएनएमनंतरची पहिली नोकरी घेताना पगाराआधी खाटा विचारा. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद आणि खाटांची संख्या लिहून घ्या. एम्सच्या या भरतीत ८० टक्के जागा महिलांच्या असतात, म्हणून मुलांनी आपला हिशेब २० टक्क्यांवर मांडावा.

आता पोस्ट बेसिकची अडचण. कागदावर तीन अधिक दोन पाच होतात, प्रत्यक्षात सहज सहा होतात. जीएनएमचा निकाल लागायला हवा, परिषदेची नोंदणी हातात यायला हवी, मग प्रवेश. तो वर्षातून एकदाच, आणि नोंदणीला उशीर झाला की गाडी पुढच्या वर्षावर जाते. शिवाय पोस्ट बेसिक चालवणारी कॉलेजं बी.एस्सी.पेक्षा कमी. जीएनएमचा खरा फायदा वेगळाच आहे: तिसऱ्या वर्षाअखेर कमाई सुरू होऊ शकते. घरात दुसरं उत्पन्न नसेल, पाठीमागे शिकणारी भावंडं असतील, तर पदवी दोन वर्षं उशिरा आली तरी चालते. घरची ओढाताण नसेल आणि पुढे शिकवण्याकडे किंवा एम.एस्सी.कडे कल असेल, तर बी.एस्सी.साठी एक वर्ष थांबणं शहाणपणाचं.

कॅपची जागा आणि संस्थास्तरीय जागा

हा फरक डिग्री-डिप्लोमापेक्षा महागात पडतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन किंवा संस्थास्तरीय कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत. त्याच इमारतीत, त्याच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एक शिक्षण शुल्क भरत नाही आणि दुसरीचा बाप चार वर्षं कर्ज फेडतो. ‘जागा आत्ताच पक्की करा, नंतर मिळणार नाही’ असा फोन आला, तर ती जागा कोणत्या कोट्यातली, एवढं आधी विचारा.

पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघून वरची कॉलेजं गाळण्याची खोड मोडा. आवडतं कॉलेज पहिलं लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. उलट, जिथे काही झालं तरी जाणार नाही असं कॉलेज यादीत घालू नका. ते मिळालं आणि रुजू झाला नाहीत तर पुढच्या फेरीचं काय होतं, तो नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतो.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालय बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे बी.एस्सी. कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं, खाटा ७५ टक्के भरलेल्या हव्यात आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. हे कागदावर सगळीकडे असतं. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी अकराला जाऊन वॉर्डातून एक चक्कर मारा. अर्ध्या गाद्या गुंडाळलेल्या दिसल्या तर मुलं शिकणार कोणावर? प्रसूती कक्षात महिन्याला किती बाळंतपणं होतात आणि जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग किती आठवडे असतं, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कार्यालयात विचारू नका.

बाकीच्या दोन वाटा

सैन्याच्या नर्सिंग सेवेची महाराष्ट्रात दोन कॉलेजं आहेत: पुण्याचं एएफएमसी (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी, हे नौदलाचं रुग्णालय. देशभरात सहा कॉलेजं मिळून जागा २२०. फक्त महिलांसाठी, आणि नीटचे गुण इथेच कामी येतात. त्यानंतर सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शिक्षण, राहणं आणि जेवण सरकारी खर्चाने, पुढे लेफ्टनंट म्हणून कमिशन. बंधपत्रावर आईवडिलांची सही घेतात, आणि मध्येच सोडलं तर ते पैसे खरोखर वसूल होतात. बदली आणि शिस्त ज्यांना झेपते त्यांच्यासाठी यासारखी दुसरी जागा नाही, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. सीईटीचा अर्ज सोबत भरायचाच.

एएनएम हा जीएनएमचा ‘अर्धा कोर्स’ नव्हे. ते उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेच्या कामाचं शिक्षण आहे: लसीकरण, गरोदर मातांची नोंद, गृहभेटी. ते काम करायचं असेल तर चांगलंच. पण ‘आधी एएनएम करू, मग चढत जाऊ’ हा बेत महाग पडतो. एएनएम झाल्यावर जीएनएमला प्रवेश मिळतो, पण तीन वर्षं पहिल्यापासून. दोन, तीन आणि दोन मिळून सात.

परराज्यातलं ‘हजेरीची गरज नाही’ छापाचं जीएनएम सरळ नाकारा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्रासाठी प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के. घरी बसून हे होत नाही, आणि झालंच तर नोंदणीच्या टेबलावर उघडं पडतं.

कागद

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करून टाका. निकालानंतर केलेला अर्ज फेरी संपल्यावर निघतो आणि तुमचा अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. नॉन-क्रीमी लेयर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, जुनं चालत नाही. ड्रॉप घेतला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. डोमिसाईलवरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी पडताळणी केंद्रावरून परत यावं लागतं.

खासगी जीएनएम शाळांचे प्रवेश लवकर सुरू होतात आणि बी.एस्सी.ची कॅप उशिरापर्यंत चालते. या मधल्या काळात मूळ कागदपत्रं जीएनएमच्या शाळेत जमा केली, की बी.एस्सी.ची जागा लागल्यावर ती सोडवताना पूर्ण फी मागितली जाते. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत मूळ प्रती घरीच ठेवा, झेरॉक्स द्या, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्या.

वैद्यकीय तंदुरुस्तीच्या दाखल्यासोबत हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा. पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डातलं पोस्टिंग तिसऱ्या डोसची वाट पाहत नाही.