आठ महिने वापरल्यानंतर: डोमेन कंपनी ठीक, पण ते हिरवं कुलूप!

नोव्हेंबरात वेबसाइटची चार नावं घेतली, आता जुलै संपत आला. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे आणि मला रिफंडची आशा आहे. काल पॅनलमधलं (कंपनीच्या साइटवरचं आपल्या खात्याचं पान) ते कुलूप पुन्हा नजरेस पडलं आणि लिहायला बसलो.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, जास्त सांगत बसत नाही. पंचवटीत आमच्या दोन खोल्या यात्रेकरूंना भाड्याने जातात. २०१५ च्या सिंहस्थात खोल्या होत्या पण साइट नव्हती, सगळी मलई एजंटांनी खाल्ली. आता २०२७ चा तोंडावर आला, म्हणून नाशिक, सिंहस्थ, मुक्काम असे शब्द इकडून तिकडून जोडून दोन डॉट कॉम आणि दोन डॉट इन घेतली. एक स्वतःला, बाकीची जमली तर विकायला. पहिल्या वर्षाच्या भावावर हुरळू नका. डॉट कॉमचं रिन्यूअल १,१९९, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१४ रुपये ८२ पैसे. हा आकडा तीन क्लिक आत लपवलेला आहे.

आता कुलूप. प्रत्येक नावापुढे एक छोटं हिरवं कुलूप असतं. ट्रान्सफर लॉक (नाव दुसऱ्या कंपनीत हलवू न देणारी सोय) चालू असेल तर हिरवं. बंद असेल तर तेही हिरवंच, फक्त कडी केसभर उचललेली. चष्मा पुसून पाहिलं, मोबाइल तिरका धरून पाहिलं, फरक कळत नाही. आमच्या घरी बाहेर पडताना कुलूप लावून दोनदा ओढून बघतात. इथे ओढायचं काय? फेब्रुवारीत कुठेतरी बोट लागलं असणार, आणि एक डॉट कॉम नऊ दिवस उघडं राहिलं. कळलं तेही योगायोगाने. आयकॅन म्हणजे डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था, तिच्या लुकअपवर (नावाची नोंद दाखवणारं पान) नाव टाकून पाहत होतो, तर स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' ही ओळच नव्हती. ती ओळ असेल तर कुलूप लागलंय, नसेल तर नाही. हिरव्या चित्रावर जाऊ नका. लॉक उघडं म्हणजे नाव लगेच जातं असं नाही, ऑथ कोडही (नाव हलवायची किल्ली) लागतो. पण तो कोड ई-मेलवर येतो, आणि माझ्या ई-मेलचा पासवर्ड तेव्हा काय होता हे मी इथे लिहिणार नाही.

नाव नोंदवल्याच्या आठवड्याभरात मेल सुरू झाले. पहिला बाहेरदेशीचा. सिंहस्थवालं नाव २,४०० डॉलरला हवंय म्हणे. मी घरात जाहीर करून टाकलं. दुसऱ्या मेलमध्ये साहेब म्हणतात, आधी किमतीचं सर्टिफिकेट आणा, ते अमुक साइटचंच चालेल, ८९ डॉलर. कार्ड काढून बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, त्याने भाव केला का?" नव्हता केला. मेन रोडला शंभराची चादर घेतानाही माणूस वीस कमी करायला लावतो, आणि हा २,४०० ला पहिल्या फटक्यात तयार! ८९ डॉलर घेणारी साइट आणि गिऱ्हाईक एकाच घरचे, हे तेव्हा लक्षात आलं. दुसरा मेल चीनमधून: तुमच्या नावाचं डॉट सीएन दुसरी कंपनी घेतेय, तुम्हाला प्राधान्य देतोय. घेऊ दे की बाबा, चीनमधून कोण येतंय पंचवटीत राहायला. तिसरा, आज रात्री रिन्यू करा नाहीतर नाव गेलं. साफ थाप. डॉट कॉमची मुदत संपली तरी कंपनीगणिक ४५ दिवसांपर्यंत सवलत असते, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग आणखी ५ दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. शिवाय माझी मुदत नोव्हेंबरात होती आणि मेल आला जानेवारीत.

त्याआधी डिसेंबरात खरं गिऱ्हाईक आलं होतं, इंदिरानगरचा एक ट्रॅव्हल्सवाला. ३५,००० वर ठरलं (त्याने ५०,००० वरून खाली आणलं, म्हणजे माणूस खरा). अडलं एका गोष्टीवर.

"काका, आधी कोड पाठवा, लगेच यूपीआय करतो."

"आधी पैसे."

दोन दिवस असंच. त्यात नाव घेऊन ६० दिवस झाले नव्हते, म्हणजे दुसऱ्या कंपनीत हलवताच येत नव्हतं. शेवटी त्याला याच कंपनीत खातं उघडायला लावलं, खात्यातून खात्यात पुश करायचं ठरलं. पैशासाठी त्याने एस्क्रोची (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणारी साइट) लिंक पाठवली. नाव ओळखीचं, पण मध्ये एक आडवी रेघ जास्त. आयकॅन लुकअपवर टाकलं तर ती साइट १९ दिवसांपूर्वी जन्मलेली! मी त्याच्यावरच भडकलो. तो बिचारा म्हणाला, सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात होती, तिथून घेतली. म्हणजे आम्ही दोघंही सज्जन, आणि दोघंही बुडालो असतो. तेव्हापासून १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

मग पत्ता स्वतः टाइप करून खऱ्या एस्क्रोवर गेलो. त्याने पैसे तिथे भरले, मला 'रक्कम जमा' दिसलं (मेलमध्ये नव्हे, लॉगिन करून), मी नाव पुश केलं, त्याने त्याच्या खात्यात बघून होकार दिला, पैसे सुटले. आधी मी एस्क्रोच्या फीला दरोडा म्हणत होतो. केवायसीला आधारचा फोटो तीनदा नाकारला तेव्हा तर शिव्याच दिल्या. आता शब्द मागे घेतो. फी निम्मी-निम्मी केली, आणि दोन रात्री झोप लागली. तरी निम्मी त्याने विनातक्रार दिली याचं अजून आश्चर्य वाटतं.

मार्चमध्ये मला स्वतःला एक नाव विकत घ्यायचं होतं. फेसबुकवर एकजण मालक म्हणून मिरवत होता. हल्ली लुकअपवर मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, स्क्रीनशॉट तर कोणीही बनवतो. म्हणून म्हटलं, डीएनएसमध्ये (नावाच्या सेटिंगमध्ये, जिथे मालकच हात घालू शकतो) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची ओळ, टाक, त्यात 'मनुका' लिही, मी इथून बघतो. दोन मिनिटांचं काम. "भाऊ, विश्वास नाही का?" म्हणाला आणि ब्लॉक करून गेला. भाच्याचा सल्ला वेगळाच होता, एखाद्या नावाजलेल्या मिसळवाल्याच्या नावाचं डॉट इन बुक करून त्यालाच विकायचं. त्याला सांगितलं, डॉट इनसाठी आयएनडीआरपी नावाची तक्रारीची सोय आहे. नाव काढून घेतात, पैसे आपले जातात, आणि मिसळही बंद.

बदल: लिहिता लिहिता पॅनल उघडलं तर कंपनीने कुलपाशेजारी 'चालू' आणि 'बंद' असे शब्द टाकलेत. माझ्या चार तिकिटांचा परिणाम असावा. पण पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढे. पाचवं तिकीट टाकलंय.

कंपनीला ५ पैकी ३, एस्क्रोला साडेचार. नोव्हेंबरात स्वतःचं नाव रिन्यू करणार, उरलेल्या दोनांपैकी एक सोडणार. कोणाला हवं असेल तर सांगा, भाव करायची तयारी आहे. कोड आधी मिळणार नाही.