ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्यांना घेऊन इथेच जा (ठाण्याचा स्पोर्ट्स कॅफे)

चार स्टार देतोय. पाचवा कापला तो मिसळ स्लायडरमुळे, त्यावर नंतर बोलू.

आधी मुद्द्याचं. मॅच बघायला ठाण्यात जागा खूप आहेत पण सगळीकडे धरूनच चालतात की आलेल्या प्रत्येकाला पॉवरप्ले, नेट रनरेट, डकवर्थ लुईस सगळं पाठ आहे, आणि कुणी चुकून काही विचारलंच तर शेजारचं टेबल असं बघतं की त्या माणसाने परत तोंडच उघडू नये. आमच्या घरातली निम्मी मंडळी अशी विचारणारीच आहेत आणि मॅचला यायची हौस मात्र त्यांनाच जास्त. मागे एका पबमध्ये आयपीएल बघत होतो, कॅप्टनने रिव्ह्यू घ्यायला (म्हणजे अंपायरचा निर्णय परत तपासायला) हातांनी टी ची खूण केली तर दाजी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅच चालू असताना चहा मागतोय का हा?" अख्खा पब हसला. नेमके त्यांच्या ऑफिसचे दोघंतिघं तिथे, तेव्हापासून ऑफिसात दाजींना चहा विचारायचा तो हाताने टी करूनच. त्याच मॅचला स्कोअरच्या पट्टीत डॉट बॉलच्या (ज्यावर रन निघत नाही तो बॉल) जागी झाड दिसायला लागलं, ताईने विचारलं हे झाड कसलं, तर मागून एक जण म्हणाला अहो सावलीत खेळतायत, आणि परत सगळे ही ही करून हसले. बरं हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही की ते झाड का आहे (2023 च्या प्लेऑफपासून सुरू झालं ते, तेव्हा बीसीसीआयने एका डॉट बॉलमागे 500 रोपं लावायचं जाहीर केलं होतं). त्यानंतर ताई-दाजी बाहेर मॅच बघायला तयारच नव्हते.

तर 2 नोव्हेंबर 2025, रविवार, बायकांच्या वर्ल्डकपची फायनल, इंडिया विरुद्ध साउथ आफ्रिका, नेरूळला डीवाय पाटील स्टेडियमवर. तिकिटं मिळाली नाहीत म्हणून हा कॅफे बुक केला. मी, ताई, दाजी आणि सांगलीहून आलेली मावशी. मावशीचं क्रिकेट म्हणजे स्मृती मानधना. "आमच्या सांगलीची पोरगी" एवढ्या भांडवलावर ती फायनलला आली होती.

मॅच तीनला सुरू व्हायची ती पावसाने लांबली, पाच वाजले. तोवर टाइमपास म्हणजे मेनूकार्ड, आणि ते फार भारी आहे, सगळ्याला क्रिकेटची नावं दिलीयत. दाजींनी अख्खं वाचून काढलं आणि वेटरला म्हणाले, "हे तुमचं आवडलं बरं का, नाईट वॉचमनसाठी वेगळी थाळी ठेवलीय, नाहीतर कोण विचार करतं हो त्यांचा." (क्रिकेटमधला नाईट वॉचमन म्हणजे दिवस संपत आला की मोठ्या बॅट्समनला वाचवायला आधी पाठवतात तो खालचा बॅट्समन.) आता इथे दुसरा कोणी असता तर तिथेच फुटला असता. हा पोरगा अजिबात हसला नाही, म्हणाला "काका, रात्री दहानंतरची खिचडी आहे ती, आणि वॉचमनला पण तीच देतो आम्ही." मी तेव्हाच ठरवलं की टीप चांगली द्यायची.

आमच्या शेजारच्या टेबलावर इंडियाची जर्सी घालून एक दादा बसले होते, असे दादा प्रत्येक स्क्रीनिंगला एक असतातच, कॉमेंट्री चालू असताना स्वतःची वेगळी कॉमेंट्री करणारे. पाऊस थांबेना तेव्हा ताईने हळूच विचारलं की आज नाही झाली तर उद्या खेळतील का, तर दादा लगेच, "ताई, फायनल आहे ती, विसर्जनाची मिरवणूक नव्हे दुसऱ्या दिवसापर्यंत चालायला." ताई गप्प. वेटरने पाण्याचे ग्लास ठेवता ठेवता सांगितलं की उद्या सोमवार रिझर्व्ह डे आहेच, फायनलसाठी राखून ठेवलाय. दादांनी फोन काढून बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला.

मॅच सुरू झाली. स्मृती आणि शफालीने 104 ची ओपनिंग दिली, मग स्मृती 45 वर आउट झाली आणि मावशीने पर्स उचलली. "चला, झालं." अगं मावशी अजून अर्धी मॅच पण नाही झाली म्हटलं तर म्हणे "सांगलीची गेली ना पण, आता कुणासाठी बसायचं?" तिला थांबवलं ते थालीपीठ नाचोजच्या जोरावर. हा आयटम खरंच घ्या, खुसखुशीत असतं, वर लोणी आणि ठेचा, ठेचा ठाण्याच्या मानाने बऱ्यापैकी तिखट. मावशी सांगलीची असून तिने नाव ठेवलं नाही म्हणजे बघा. शफालीच्या प्रत्येक फटक्याला मावशी टाळ्या वाजवत होती आणि मग रिप्लेलाही वाजवत होती, तिच्या हिशोबाने शफालीचे 87 नाही, दीडशेच्या वर झाले असणार.

आता स्क्रीनबद्दल. प्रोजेक्टर मोठा आहे, आवाज क्लिअर, पण दाखवतात ॲपवरून, त्यामुळे घरच्या डिशवरच्या मॅचपेक्षा बराच मागे चालतं. समोरच्या सोसायटीत ओरडा होतो आणि आपल्याकडे बॉलर अजून रनअपला निघालेली असते. खरं तर ही तक्रारच आहे, चिडचिड होते. पण मावशी खिडकीपाशी बसलेली आणि कान तिखट. साउथ आफ्रिकेची बॅटिंग आल्यावर तिला ते बरोबर सापडलं, बाहेर आवाज आला की ही शांतपणे म्हणायची "आता जाते ही", आणि जायचीच! दोनतीनदा असं झाल्यावर मागच्या टेबलावरची पोरं खुर्च्या वळवून तिच्याकडे तोंड करून बसली. एकाने विचारलं, मावशी तुम्ही खेळायचात का? मावशी म्हणाली, "खेळायला कशाला लागतंय, अंदाज असतो." मी काही बोललो नाही.

मग दीप्ती शर्मा बोलिंगला आली आणि दाजींनी विचारलं, "अहो ही आउट झाली होती ना मघाशी? मग परत कशी काय आली?" दादा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. वेटरने परत सांभाळलं, आउट झाली ती बॅटिंगपुरती, बोलिंग वेगळी, असं दोन वाक्यांत सांगून मोकळा. दाजींना पटलं. पुढे हरमनप्रीतने शफालीकडे बॉल दिला, ती काय नेहमीची बोलर नाही, आणि दादा उभेच राहिले, "घालवली! मॅच घालवली हिने! कोणी सांगितलं हिला कॅप्टन व्हायला?" त्याच ओव्हरला सुने लूसची विकेट, स्वतःच्याच बोलिंगवर कॅच. पुढच्या ओव्हरला मारिझान काप. दाजींनी फक्त वळून बघितलं, काही बोलले नाहीत, मोठा माणूस आहे.

साधारण तेव्हाच एक काका उशिरा आले, स्क्रीनवर हिरवी जर्सी बघितली आणि बसायच्या आधीच सुरू, "ठोका यांना, एक रन देऊ नका, बॉर्डरवर काय कमी त्रास आहे का..." लॉरा वोल्वार्ट बिचारी एकटी लढत होती आणि काका तिला लाहोरला पाठवत होते. सगळं टेबल खाली मान घालून नाचोज खातंय. वेटर काकांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला, काका मिनिटभर स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हां, मग ठीके. चांगली खेळतेय पोरगी." तिचे 101 झाले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत काका पहिले.

तिचा कॅच अमनजोतने दोनदा हातातून सुटल्यावर तिसऱ्यांदा पकडला, तो मावशीला केव्हाच कळलेला होता पण कॅफेतला बाकी प्रत्येक माणूस उभा. दीप्तीच्या पाच विकेट, शेवटचा कॅच हरमनप्रीतचा, 52 रन्सनी जिंकलो. तोवर मध्यरात्र झालेली. आमचा टेबलचा स्लॉट अकराला संपत होता, पण कोणी उठवलं नाही आणि जास्तीचे पैसेही लावले नाहीत, उलट सगळ्यांना नाईट वॉचमन खिचडी वाटली. याचे मार्क वेगळे.

आता मिसळ स्लायडर. गोड पावात चमचाभर मटकी घालून वर चीज, हा प्रकार कुणी आणि का केला माहीत नाही, रस्सा मागितला तर केचप आणून दिला. मिसळ खायचीच असेल तर ठाण्यात जागांची कमी नाही, इथे घेऊ नका. कोल्ड कॉफी ठीक. टॉयलेट एकच आहे, इनिंग ब्रेकमध्ये जाल तर अर्धी इनिंग तिथेच उभे राहाल, ड्रिंक्स ब्रेकच्या आधीची ओव्हर पकडा. पार्किंग अजिबात नाही, रिक्षानेच या.

बुकिंगला फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲप करा, रिप्लाय लगेच येतो. सोबत कोणाची मावशी असेल तर खिडकीचं टेबल मागून घ्या, समोरची सोसायटी तिथूनच नीट ऐकू येते.