क्रॉस-लिंकिंग: डोळा सावरला, रिपोर्ट मात्र काळापांढरा

कालच्या फॉलो-अपला कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा परत काळापांढराच हातात पडला, म्हणून लिहायला बसलो. केरॅटोकोनसवाल्यांना (ज्यांचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो) ठाऊक आहे, या स्कॅनचा जीव रंगात असतो. निळं-हिरवं म्हणजे चपटं, लाल म्हणजे पुढे आलेला उभार. माझा उभार प्रिंटवर शाई सांडल्यासारखा दिसतो. स्कॅनचे पैसे दर वेळी पूर्ण, आणि कलर मागितलं की काउंटरवरच्या ताई म्हणतात, "कार्ट्रिज संपलं ना भाऊ." कायमचंच संपलं की काय?

क्रॉस-लिंकिंगच्या प्रोसिजरबद्दल, म्हणजे थेंब आणि यूव्ही प्रकाशानं कॉर्निया कडक करण्याबद्दल, तक्रार नाही. कॉर्नियाची जाडी 400 मायक्रॉनच्या वर आहे हे आधी पाहून घेतलं. मग थेंबांनी डोळा बधिर करून वरचा पातळ थर खरवडला, अर्धा तास रायबोफ्लेविनचे (बी-2 जीवनसत्त्वाचे) पिवळे थेंब आणि पुढचा अर्धा तास 3 मिलिवॉटची यूव्ही-ए. 9 मिलिवॉटवर 10 मिनिटांतही आटपतं, एकूण ऊर्जा तेवढीच. पण सरांनी जुनी पद्धत निवडली. टेबलावर काही दुखलं नाही. बधिरपणा उतरल्यावर मात्र, जखमेवर झाकण म्हणून बँडेज लेन्स असूनही, रात्रभर पाणी गळत होतं आणि फ्रिजचा दिवासुद्धा सहन होईना.

पहिल्या महिन्यात रिव्ह्यू लिहिला असता तर शिव्याच घातल्या असत्या. आधी दिसायचं त्याहून धूसर! हळूहळू धुकं विरलं. पण चष्म्याचा नंबर जाईल म्हणून कोणी करत असेल तर थांबा. हे वाढ रोखायला आहे. चष्म्यानं मला आजही मेट्रो स्टेशनवरच्या पाट्या दुहेरी दिसतात. नीट दिसतं ते स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कॉन्टॅक्ट लेन्स) घातल्यावरच, आणि तिचा खर्च वेगळा.

काल टेक्निशियन दादानं मात्र स्क्रीनवर जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी लावून दाखवला. केमॅक्स, म्हणजे उभाराच्या सर्वांत तीव्र वक्रतेचा आकडा, जागच्या जागी. फोटो काढू दिला, म्हणून त्याला पाचपैकी पाच. प्रिंटरला शून्य.

डोळे चोळणं बंद करा, हे सर दर वेळी बजावतात. नागपुरात कूलरला नव्या ताट्या लावल्या की भुसा उडतो आणि डोळे खाजतात. त्यामुळे ॲलर्जीचे थेंब चालू आहेत, आणि कूलरसमोरची जागा धाकट्या भावाला दिली.

डावा डोळा सध्या नुसता नजरेखाली आहे. वाढला तर त्याचंही करून घेईन, पण दिवाळीनंतर. मे महिन्यात तो ताजा खरवडलेला डोळा घेऊन नागपूरच्या उन्हात फॉलो-अपला जायची आपली तयारी नाही.