मामायेव कुर्गान की पिस्कार्योव्स्कोये?

रशियाच्या एका फेरीत दुसऱ्या महायुद्धाची ही दोन्ही स्मारकं बसत नसतील, तर आधी अंतराचा हिशोब करा. मामायेव कुर्गान ही टेकडी वोल्गोग्रादमध्ये आहे. हे शहर मॉस्कोपासून सुमारे 1000 किलोमीटर, म्हणजे तिथं जायचं तर किमान दोन दिवस वेगळे काढायला हवेत. पिस्कार्योव्स्कोये दफनभूमी सेंट पीटर्सबर्गमध्येच आहे. मेट्रोने प्लोश्चाद मुझेस्त्वा स्थानक, पुढे बस. अर्धा दिवस पुरतो.

अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाड्यात गायलेलं स्टॅलिनग्राड ते हेच वोल्गोग्राद. लढाई 200 दिवस चालली, म्हणून मामायेव कुर्गानला 200 पायऱ्या. वर 1967 साली खुला झालेला मातृभूमीचा पुतळा, तलवारीच्या टोकापर्यंत 85 मीटर. तो पायाला जखडलेला नाही, स्वतःच्या वजनावर उभा आहे. पहिल्या तलवारीचे पत्रे वाऱ्याने खडखडत, म्हणून 1972 मध्ये भोकं असलेली पोलादी तलवार बसवली. इथे मागच्या रस्त्याने थेट पुतळ्यापाशी जाऊ नका. पडक्या भिंती, मग ज्योत धरलेल्या हाताचं दालन, मग शोक करणारी आई, असं खालून चढत गेलं तरच स्मारकाची मांडणी कळते.

पिस्कार्योव्स्कोयेला चढण नाही. सपाट जमिनीवर 186 सामूहिक कबरी, प्रत्येकीच्या दगडावर वर्ष आणि एक खूण. तारा असेल तर सैनिक, विळा-हातोडा असेल तर नागरिक. सुमारे 4,20,000 नागरिक आणि 70,000 सैनिक इथे आहेत. जर्मन सैन्याने या शहराला, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला, घातलेला वेढा 872 दिवसांचा. 1941 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांना आणि कामावर नसलेल्यांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही निखळ पीठ नसे. हे ठाऊक नसलं तर माणूस बाग बघून पंधरा मिनिटांत बाहेर पडतो. म्हणून प्रवेशाजवळचं छोटं प्रदर्शन आधी बघा. घरची माणसं एकेक करून गेल्याची नोंद ठेवणाऱ्या तान्या साविचेवाच्या डायरीची प्रत तिथे आहे.

लढाई समजून घ्यायची असेल तर वोल्गोग्राद गाठा, तिथलं पॅनोरमा संग्रहालय आणि शेजारची गोळ्यांनी चाळण झालेली गिरणीही सोडू नका. पण एकच निवडायचं तर आमचा कौल पिस्कार्योव्स्कोयेला. तिथे युद्धाची किंमत सामान्य घरांच्या मापाने समोर येते.

शक्य असेल तर 27 जानेवारीला जा. वेढा उठल्याच्या या दिवशी शहरातली माणसं स्वतः फुलं घेऊन येतात. थंडी कडक असते, बुटांचा तळ न घसरणारा हवा. लाल कार्नेशन सम संख्येतच घ्या, दोन किंवा चार. विषम फुलं तिथे जिवंत माणसांना देतात.