बोअरच्या पाण्यावर कोणता गिझर टिकतो? 25 लिटरच्या गिझरचं परीक्षण

दिवाळी सरली की जळगाव, धुळे, शहाद्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत गिझरचे खोके पायरीपर्यंत येऊन बसतात. दुकानदार विचारतो, किती लिटर? मग विचारतो, किती स्टार? पाणी कुठलं, हे मात्र कोणी विचारत नाही. खान्देशात गिझरचं आयुष्य त्यावरच ठरतं. वाघूर धरणाच्या नळाच्या पाण्यावर गप चालणारा गिझर मळ्यातल्या बोअरवर दुसऱ्या हिवाळ्यातच खदखदायला लागतो.

म्हणून आधी पाण्याची परीक्षा. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस, आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. फेस न येता दह्यासारखी साय तरंगली तर जड. आकडाच हवा असेल तर प्रयोगशाळेतून 'एकूण कठीणपणा' मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. फिल्टरवाल्याकडचं टीडीएसचं पेन इथे पुरेसं नाही. ते सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही. गिझरचं वैर आहे ते याच दोघांशी.

परीक्षणासाठी घेतला तो आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा प्रकार: उभा, 25 लिटर, 2 किलोवॅट, ग्लासलाइन टाकी.

लिटरचा हिशोब बादलीत करा. टाकीतलं पाणी 60 अंश आणि धाब्यावरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी 15 अंश धरलं, तर 40 अंशांची 20 लिटरची बादली भरायला 11 लिटर गरम पाणी लागतं. म्हणजे 25 लिटरमध्ये दोन बादल्या, 15 लिटरमध्ये एक. चौघांच्या घरात 25 लिटरचा गिझर सकाळी दोनदा तापवावा लागतो. एकदा तापायला साधारण 1.3 युनिट आणि 40 मिनिटं.

ही 40 मिनिटं 230 व्होल्टची. खेड्यावर पहाटे दाब 180 वर आला की 2 किलोवॅटची कॉइल सव्वा किलोवॅटचंच काम करते, कारण ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते. मग तेच पाणी तापायला तास-सव्वा तास लागतो. अशा वेळी 'गिझर खराब निघाला' म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावं. जाता जाता: बोअरमधून नुकतं आलेलं पाणी थंडीत हाताला कोमट लागतं, रात्रभर धाब्यावर राहिलेलं गारठतं. मोटर रात्री न लावता पहाटे लावली, तर कॉइलवरचा थोडा भार फुकटात उतरतो.

आता टाकी. पैसे इथे घालावेत. ग्लासलाइन म्हणजे आतून काचेचा मुलामा दिलेली लोखंडी टाकी. मुलाम्याला बारीक छिद्रं, तडे राहतातच. तिथून लोखंड गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची दांडी असते, तिला एनोड म्हणतात. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. स्टीलच्या टाकीला बहुतेकदा ही दांडी नसते. विक्रेता 'स्टील आहे, गंजत नाही' म्हणतो, पण पाण्यात क्लोराइड जास्त असलं की स्टीलला वेल्डिंगच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि ती टाकी डाग देऊनही टिकत नाही. नळाचं गोडं पाणी असेल तर स्टील बिनधास्त घ्या. खाऱ्या बोअरला ग्लासलाइनच, आणि दांडी जितकी जाड तितकी बरी. दुकानात विचारायचा प्रश्न हा: एनोड सुटा मिळतो का, आणि गावात मिळतो का? उत्तरात चाचरले तर दुसरं मॉडेल बघा.

कॉइल इन्कोलॉयची घ्यावी. निकेल-लोखंड-क्रोमियमचा हा मिश्रधातू क्षाराच्या थराखाली तापला तरी तांब्यापेक्षा तग धरतो. क्षार त्यावरही बसतोच, फक्त कॉइल लगेच फुटत नाही.

स्टारचा मात्र फार बाऊ नको. लेबलवरचा मुख्य आकडा असतो तो बंद नळाने, नुसत्या उभ्या टाकीतून दिवसभरात किती वीज वाया जाते याचा. गिझर चोवीस तास चालू ठेवणाऱ्याला तो मोलाचा. आंघोळीपुरता लावून बंद करणाऱ्या घरात चार आणि पाच स्टारचा फरक बिलात शोधावा लागतो. त्या पैशात आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा.

आठ बारचंही तसंच. हा टाकी किती दाब सोसते त्याचा आकडा. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब होतो. बैठ्या घरात टाकी बाथरूमच्या तीन-चार मीटर वर असते, म्हणजे अर्धा बारसुद्धा नाही. प्रेशर पंप असेल किंवा घर उंच इमारतीत खालच्या मजल्यावर असेल तर आठ बारचाच घ्या.

बसवताना दोन गोष्टी अंगावर येतात. पहिली वायर. 2 किलोवॅटला जवळपास 9 अँपिअर लागतात. 16 अँपिअरचं सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. पंख्या-दिव्यांच्या लाइनीवर गिझर टाकला की पिन काळी पडते, सॉकेट वितळतं. अर्थिंग नावाला नको. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, तेव्हा हिवाळ्याच्या तोंडावर तिथे दोन बादल्या पाणी ओता आणि अर्थिंग तपासून घ्या.

दुसरी गोष्ट सेफ्टी व्हॉल्व्ह. तो थंड पाण्याच्या तोंडावर, निळ्या खुणेच्या बाजूला बसतो. 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की ते चक्क 400 मिलिलीटरच्या आसपास फुगतं. व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, मग फुगलेलं पाणी त्याच्या बारीक तोंडातून थेंबथेंब गळतं. हा बिघाड नाही, त्याचं कामच ते. तरी कितीतरी बाथरूममध्ये त्या तोंडात एम-सील भरलेलं किंवा स्क्रू पिळलेला दिसतो. पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि त्याच्यामागचा जादा सुरक्षेचा कटआउटनेही दगा दिला, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारं एवढंच छिद्र उरतं. गळतीचा त्रास होत असेल तर त्याला बारीक नळी लावून ती मोरीपर्यंत न्या. आणि व्हॉल्व्ह व गिझर यांच्या मधे कुठलाही कॉक नको. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचीच हवी. पांढरा साधा पीव्हीसी काही महिन्यांत मऊ पडून सांध्यातून सुटतो.

बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येते का ते बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, धाब्यावरची टाकी कधी तळाला जाते कळत नाही. कोरडी कॉइल तापली की मिनिटांत जाते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरला हे दुप्पट लागू. त्यातलं पहिलं पाणी सोडून द्यावं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो साठलेल्या पाण्यातल्या जंतूंचा आणि मॅग्नेशियमच्या दांडीचा संगनमताचा प्रताप असतो. दर वर्षी तसंच होत असेल तर ॲल्युमिनियम-जस्ताची दांडी टाकून घ्या.

थर्मोस्टॅट 55 ते 60 वर ठेवा. 75 वर ठेवून वर थंड पाणी मिसळणं म्हणजे पैसे देऊन क्षार विकत घेणं. पाणी जितकं तापतं तितका त्यातला चुना लवकर सुटून कॉइलवर बसतो.

आता वर्षाची सर्व्हिस. जड पाण्यावर ती दर वर्षी लागते, आणि थंडी संपल्यावर केलेली बरी. क्षार वाळून दगड व्हायच्या आत निघतो. एमसीबी पाडा, अँगल कॉक बंद करा, गरम नळ उघडा, थंड बाजूचा पाइप सोडून टाकी रिकामी करा. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. उलटसुलट जोडणी हीच घरगुती दुरुस्तीतली सगळ्यात मोठी चूक. मग फ्लँजचे, म्हणजे कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या तबकडीचे, नट सोडून कॉइल सरळ खाली ओढा. बोअरच्या पाण्यावरची कॉइल बाहेर येते ती पिठात बुडवून तळल्यासारखी: पांढरट-पिवळी, खरखरीत, बोटाएवढी जाड झालेली. टाकीच्या तळातून वाटीभर खपल्या निघतात. गिझरची खदखद याचीच. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती फुटत राहते. आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार बसला की तो कॉइलची धग पाण्याची समजून लवकर तुटतो. दिवा विझतो, पाणी कोमटच.

कॉइलवर स्क्रूड्रायव्हरने ठोकू नका. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घ्या, एक लिटर गरम पाण्याला 50 ग्रॅम, आणि कॉइलचा फक्त क्षार बसलेला भाग दोन-तीन तास बुडवा. वायरीची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. दांडी फ्लँजलाच असेल तर आधी काढून ठेवा. मॅग्नेशियम त्या पाण्यात फसफसून विरतं. संडास धुवायचं ॲसिड कॉइलला लावणारे कारागीर अजून भेटतात. क्षार झटक्यात जातो खरा, पण त्याबरोबर धातूही खाल्ला जातो आणि पुढच्या हिवाळ्यात आरसीसीबी पडायला लागतो.

दांडी मधल्या तारेपर्यंत झिजली असेल, किंवा निम्म्याहून बारीक झाली असेल, तर बदला. दांडी संपल्यावर टाकीची पाळी येते, आणि टाकीला दुरुस्ती नसते. रबरी गॅस्केट दर वेळी नवं. नट समोरासमोरचे जोडीने आवळा, एकाच बाजूने नको. टाकी भरून, गळती बघून, मगच वीज. क्षारामुळे झालेला बिघाड अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा कार्डावरची बारीक अक्षरं खरेदीआधीच वाचावीत.

मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला तर क्षार थांबतो, पण त्या पाण्यात दांडी उलट लवकर झिजते. तिच्यावर नजर ठेवावी लागतेच.

पर्यायांबद्दल थोडक्यात. गॅस गिझर झटपट पाणी देतो, पण त्याला बाथरूमच्या आत जागा नाही. बंद मोरीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस उभ्याचा कोसळतो. गिझर बाहेर भिंतीवर, पाणी आत.

मोठ्या कुटुंबाला आणि मोकळ्या धाब्याला सोलर उत्तम. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा घ्या. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पत्रा क्षाराने तुंबतो. तोंड दक्षिणेला. नळ्या पहाटेच भरा, दुपारी तापलेल्या कोरड्या नळीत पाणी सोडलं की ती तडकते. नळीच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला म्हणजे आतली निर्वात पोकळी गेली, ती नळी बदलायची.

राहिला बंब. मळ्यातल्या घरी पऱ्हाट्या फुकट असतील तर तांब्याच्या बंबाइतकं स्वस्त काही नाही, आणि क्षारही हात घालून खरवडता येतो. फक्त तो उघड्यावर पेटवा, आणि आधी काठोकाठ भरा. रिकाम्या बंबात जाळ केला की झाळ सुटते, मग तो तांबटाकडेच न्यावा लागतो.