तिरकी पट्टी की लाइव्ह व्ह्यू : फोकसची चूक कशाने पकडावी?

डोळ्यावर फोकस धरला आणि शार्प आला कान, असं चार-पाचदा झालं की आपण आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग लेन्सला. कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) असेल तर दोघांचाही दोष नसेल, असंही होतं. तिथे फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा आणि चित्र टिपणारा वेगळा. मुख्य आरशामागचा छोटा आरसा प्रकाश खाली फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. ही वाट आणि चित्राच्या सेन्सरपर्यंतची वाट, दोन्ही तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात. त्यात केसभर फरक पडला की फोकस हव्या त्या जागेच्या अलीकडे पडतो (फ्रंट फोकस) नाहीतर पलीकडे (बॅक फोकस). २००७ साली निकॉनच्या डी३ आणि डी३०० वर, कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ वर हा फरक मेनूत जाऊन −२० ते +२० च्या दरम्यान निस्तरायची सोय आली. आकडा किती द्यायचा, हे मात्र आपणच शोधायचं.

घरी करण्यासारखे मार्ग दोन. पहिला सगळ्यांना ठाऊक असलेला : ४५ अंशात तिरकी ठेवलेली छापील पट्टी. मधल्या शून्यावर फोकस धरायचा, फोटो काढायचा आणि कुठल्या रेघा शार्प आल्या ते बघायचं. दुसरा : भिंतीवर ठसठशीत काळं-पांढरं सपाट चित्र लावायचं, लाइव्ह व्ह्यूमध्ये (म्हणजे मागच्या पडद्यावर बघत) फोकस करून एक फोटो, व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) फोकस करून दुसरा, आणि दोन्ही शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवायचे. लाइव्ह व्ह्यूचा फोकस चित्राच्याच सेन्सरवर होतो, त्यामुळे वाटांचा प्रश्नच येत नाही. तोच प्रमाण मानायचा.

पट्टीचं कौतुक करायलाच हवं. चूक पुढे की मागे, हे एका फोटोत दिसतं. ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड) एफ/१.८, अंतर २ मीटर, फुल फ्रेम सेन्सर धरला तर शार्प भाग जेमतेम ६ सेंटिमीटर खोल असतो; पट्टीवर तो घसरलेला बघितला की समोरच्याला काही पटवून द्यावं लागत नाही. सपाट चित्राच्या फोटोत दिशा कळत नाही, नुसता धूसरपणा कळतो.

तरीही पट्टीने मला जेरीस आणलं. पहिल्या संध्याकाळी ८५ मिमीला +४ निघाला, दुसऱ्या दिवशी +१२, तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्याच्या आसपास. लेन्स तीच, टेबल तेच. +१२ वर विश्वास ठेवून काही पोर्ट्रेट्स काढली, तर आधी अधूनमधून येणारा शार्प कान आता दर फोटोत येऊ लागला! कारण उशिरा लक्षात आलं. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस पॉइंटचा जो चौकोन दिसतो, त्याहून प्रत्यक्ष फोकस टिपणारा भाग सहसा मोठा असतो. शून्याच्या बारीक रेघेऐवजी तो तिच्या खालचा जाड, काळाभोर आकडा पकडत होता. आकडा कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून मला फ्रंट फोकस दिसला आणि मी अधिक चिन्हाने फोकस मागे ढकलत राहिलो. कॅमेरा ट्रायपॉडवर बोटभर हलला की तो दुसरंच काही पकडायचा आणि नवा आकडा निघायचा. म्हणजे मी लेन्स तपासतच नव्हतो. पट्टीवरची छपाई तपासत होतो.

सपाट चित्र आणि त्याच्या शेजारी तिरकी पट्टी, अशी डेटाकलरच्या स्पायडर लेन्सकॅलसारखी तयार साधनं याच अडचणीवर काढलेली आहेत. तुमच्याकडे तसं काही असेल तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. साध्या छापील कागदावर मात्र माझा भरवसा उरलेला नाही.

लाइव्ह व्ह्यूच्या पद्धतीत पॉइंट कुठेही पडला तरी अंतर तेच. कॅमेरा भिंतीला समांतर हवा एवढंच. त्यासाठी चित्राच्या जागी छोटा आरसा सपाट टेकवायचा आणि व्ह्यूफाइंडरच्या मधोमध स्वतःचीच लेन्स दिसेपर्यंत ट्रायपॉड सरकवायचा. (हे करताना आपण किती वेडे दिसतो, ते घरचे सांगतातच.) दिशा कळण्याचा उपायही आहे : लेन्सवर अंतराची खिडकी असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करा, मग व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बटण अर्धं दाबा. खूण जवळच्या आकड्याकडे सरकली तर फ्रंट फोकस, अनंताकडे गेली तर बॅक. खिडकी नसलेल्या लेन्सवर मात्र −१०, −५, ०, +५, +१० असे फोटो काढत बसावं लागतं. कंटाळवाणं आहे, कबूल.

पद्धत कुठलीही घ्या, दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा, एकदा जवळून आणि एकदा अनंताकडून, आणि एका आकड्यावर निदान सहा-सात फोटो काढा. ते आपापसातच विखुरलेले असतील तर मेनूतला आकडा काही करू शकत नाही. तो सगळ्यांना एकत्र पुढे-मागे सरकवतो, विखुरलेपण तसंच राहतं. अंतर फोकल लांबीच्या २५ ते ५० पट ठेवण्याचा प्रघात आहे. मी सरळ ज्या अंतरावरून जास्त फोटो काढतो तेच ठेवतो, कारण काही लेन्सना जवळ एक आकडा लागतो आणि लांब दुसरा. झूमचं दुखणं निराळंच. दोन टोकांना दोन आकडे देता येणारे कॅमेरे आहेत, माझा त्यातला नाही.

मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर यातलं बहुतेक सोडून द्या, तिथे फोकस मुळात चित्राच्या सेन्सरवरच होतो.

तुमची लेन्स ३५ मिमी एफ/४ सारखी सोशिक असेल, तर पट्टीवर एक नजर कदाचित पुरे. एफ/१.८ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरला मी तरी भिंतच धरीन. माझ्या ८५ ला भिंतीसमोर +३ निघाला, महिन्याभराने पुन्हा बघितलं तेव्हाही +३ च. पट्टी अजून ठेवली आहे. आकडा बसवून झाला की तिचा एक फोटो काढतो, जाड आकड्यांवर पांढरा कागद चिकटवून.