राहण्यासाठी छत्रपती संभाजीनगर: सतरा वर्षांच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

गेवराईहून 2008 साली शिक्षणासाठी या शहरात आलो, तेव्हा टी. व्ही. सेंटरजवळच्या एका खोलीत आम्ही तिघे राहत होतो. पुढे सिडकोत भाड्याचे घर झाले आणि गेली काही वर्षे देवळाई परिसरात स्वतःच्या सदनिकेत कुटुंबासह राहत आहे. बीड, परभणी, हिंगोलीकडील नातेवाईक इथे घर घ्यावे का, असे वारंवार विचारतात. शहराबद्दल माझ्या मनात ओढ आहे, तरीही प्रत्येक वेळी मला उत्तराची सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

शहराची तहान जायकवाडीच्या नाथसागरावर अवलंबून आहे. पैठणचा हा धरणाचा जलाशय शहरापासून सुमारे 50 किलोमीटर दूर तर आहेच, शिवाय तो शहरापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे येणारा प्रत्येक थेंब विजेच्या बळावर वर चढवावा लागतो आणि तिकडे वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली, की इकडच्या वसाहतींचे वेळापत्रक एक दिवसाने पुढे सरकते. यालाच इथे ‘गॅप’ म्हणतात. 700 आणि 1400 मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या वाहिन्यांवर कित्येक वर्षे वाढते शहर तगून राहिले. 2020 मध्ये भूमिपूजन झालेल्या नव्या योजनेचा खर्च 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेला. तिची मुख्य वाहिनी 2,500 मिलिमीटर व्यासाची आहे आणि शहराच्या आशा तिच्यावरच आहेत.

सिडकोत राहत असताना नळाला पाणी कधी पाचव्या, कधी आठव्या दिवशी येई, आणि त्या दिवशी घरातील एकाला कामावर उशिरा जावे लागे. हौद, गच्चीवरची टाकी, पिंपे, कळश्या अशा क्रमाने भरणे चाले आणि आईचे गावाला जाणेसुद्धा पाण्याचा वार पाहून ठरे. देवळाईत आल्यावर नळाची वाट पाहणे संपले, कारण नळच नव्हता. सदनिका विकताना बांधकाम व्यावसायिकाने वर्षभरात नळजोडणी मिळेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात मार्च संपता संपता बोअर आटतो आणि पावसाळ्यापर्यंत इमारत टँकरवर चालते. घराच्या हप्त्याचा हिशेब मी काटेकोरपणे केला होता, परंतु टँकरचा केला नव्हता.

हे सांगताना अधिक वाईट याचे वाटते, की याच शहराने एकेकाळी पाण्याची उत्तम व्यवस्था पाहिलेली आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी बांधली आणि उत्तरेकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या वाहिन्यांतून, केवळ उताराच्या आधारे, वस्तीपर्यंत आणले; पाणचक्कीही डोंगरातून आलेल्या पाण्यावरच फिरत असे. आजच्या लोकसंख्येला ते पाणी पुरणार नाही, हे मान्य आहे. पण नहरींचे जे भाग अजून शाबूत आहेत, त्यांच्यावर बांधकामे होऊ देणे मला अक्षम्य वाटते.

तरीही हे शहर सोडावे असे मला कधी वाटले नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांमुळे आमच्याकडच्या मुलांना पुण्याच्या आधी एक मुक्काम मिळाला. माझा धाकटा भाऊ वाळूजमध्येच स्थिरावला. 1950 पासून मिलिंद महाविद्यालय आणि 1958 पासून विद्यापीठ असल्याने गावाकडील घरांतली पहिली शिकलेली पिढी इथे घडली, आणि घाटी रुग्णालयात आजही मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई आणि नागपूर दोन्ही जवळ आल्यासारखे वाटतात. संध्याकाळी गुलमंडी, औरंगपुरा भागात पायी फिरण्यातले सुख तर नव्या वसाहतींना देताच आलेले नाही.

शहरांतर्गत प्रवासाबद्दल मात्र समाधान नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या शहर बस चांगल्या आहेत, पण आमच्या बाजूला त्या इतक्या अंतराने येतात, की वेळेवर पोहोचायचे असणारा माणूस शेवटी दुचाकीच काढतो, आणि मग जालना रोडवरची गर्दी वाढतच जाते.

घर घ्यायचेच असेल, तर सिडकोतील जुने, लहान घर मी नव्या परिसरातील मोठ्या सदनिकेपेक्षा वरचे मानतो, कारण तिथे रस्ते, बागा आणि बाजार आखून दिलेले आहेत. गुंठेवारीतील, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या वसाहतीतील, भूखंड स्वस्त मिळाला, तरी नियमितीकरणाची कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घर पाहायला दिवाळीत येऊ नये. मे महिन्यात यावे, बोअर किती फूट आहे आणि कोणत्या महिन्यात आटतो हे विक्रेत्याला नव्हे, तर खालच्या मजल्यावरील रहिवाशांना विचारावे, आणि इमारतीची टँकरची नोंदवही मागून घ्यावी. आमच्या इमारतीची वही सचिवांकडे असते. घर पाहायला येणाऱ्याला ती आम्ही नेहमी दाखवतो.